हिशोब मोठ्याने का वाचायचा?

— एक जुनी सभासद

गेल्या श्रावणातल्या मासिक सभेत आपल्या एका तरुण भगिनीने सूचना मांडली. सभेच्या आरंभी मागील महिन्याचा जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवण्यात अर्धा तास जातो. त्यापेक्षा तो सर्वांच्या फोनवर पाठवून द्यावा आणि तो अर्धा तास एखाद्या चांगल्या व्याख्यानास द्यावा, अशी ती सूचना होती. सूचना काही वावगी नव्हती. वेलची इतकी, तिचे रुपये इतके, पिशव्या इतक्या, त्यांचे इतके, हे ऐकताना माझ्याही डोळ्यांवर झापड येते, हे मी प्रांजळपणे कबूल करते. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई तर तेवढ्या वेळात स्वेटरचे दोन काटे उरकतात. चर्चा झाली, दोन्ही बाजूंनी बोलणे झाले, निर्णय पुढच्या सभेवर गेला, आणि उठता उठता अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "तुम्ही जुन्या आहात. ही पद्धत कशी पडली ते स्मरणिकेत लिहून काढा, म्हणजे नव्या मुलींना ठरवायला बरे."

म्हणून हा लेखनप्रपंच. लेख इतिहासाचा आहे, परंतु तो इतिहास एका ठिकाणचा नाही. थोडा आपल्या मंडळाच्या माडीवरचा आहे, बराचसा इंग्लंडातील रॉचडेल नावाच्या गावचा आहे, आणि शेवटी थोडे गिरगावही आहे. माडीपासूनच आरंभ करते, कारण रॉचडेलचे नाव मी प्रथम ऐकले ते त्या माडीमुळेच.

मी मंडळात आले ती १९७४ साली, लग्न होऊन या गल्लीत आल्याच्या दुसऱ्या वर्षी. दिवाळीच्या फराळाचे काम तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. माडीवर दोन शेगड्या, एक लाकडी कपाट, तीन पितळी पराती आणि एक तराजू एवढे आपले भांडवल. कपाटाची किल्ली खजिनदार काकूंच्या कमरेला असे, पण कपाट दिवसभर उघडेच राही. ज्या बाईला जे लागेल ते ती घेई आणि मोठ्याने सांगे, "काकू, दोन किलो डाळ घेतली हो!" काकू कोपऱ्यात करंज्यांना मुरड घालीत बसलेल्या असत, त्या तिथूनच "बरं" म्हणत आणि हात पुसून वहीत लिहीत. या अशा कारभारात १९७७ सालचा सगळा फराळ आठ दिवसांत हातावेगळा झाला. शेवटच्या दिवशी तर आम्ही पाच वाजता मोकळ्या होऊन देवळात कीर्तनाला गेल्याचे मला आठवते.

पुढच्या वर्षी नवरात्रानंतर शिल्लक मोजली, तेव्हा १४० रुपये कमी भरले. त्या वेळचे १४० रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे. काकूंना कोणी काही म्हणाले नाही. नेमके तेच चुकले, पण ते फार उशिरा कळले. काकू त्या दिवशी सभेला नव्हत्या, आणि त्यांच्या मागे बाकीच्या जणींनी एक ठराव केला. कपाटाला दोन कुलुपे, किल्ल्या दोघींकडे, दोघी हजर असल्याखेरीज कपाट उघडावयाचे नाही. प्रत्येक जिन्नस देताना एकदा आणि घेताना एकदा असा दोनदा तोलावयाचा. प्रत्येक वेळी चिठ्ठी. ठरावात काकूंचे नाव नव्हते. परंतु गावात एकाच घराला कुंपण घातले तर चोर कोण समजायचा, हे पाटी लावून सांगावे लागत नाही. काकूंनी दुसऱ्या दिवशी किल्ली आणि वही आणून दिली, घरी पाहुणे आहेत म्हणून सांगितले, आणि त्या वर्षी फराळाला आल्या नाहीत.

त्यानंतरचे ते दिवस! एका किल्लीवाल्या बाईंचा मुलगा शाळेतून चारला येई, दुसरीच्या सासूबाईंना चहा साडेचारला लागे. इकडे कढईत तेल तापून धूर सोडते आहे, भाजणी भिजवून तयार आहे, आणि तीळ कपाटात. भिजवलेल्या भाजणीला कुलूप समजत नाही; ती आपली कोरडी पडत जाते, आणि मग सोऱ्यातून चकली निघते ती तुकड्यातुकड्यांनी. डाळ दोनदा तोलली की दोन्ही वेळा वजन थोडे निराळे येई, मग तिसऱ्यांदा तोलावयाची. ज्या बाया एरवी कामाबरोबर गात, त्या चिठ्ठ्या सांभाळू लागल्या. एकीने दुसरीचे वजन पाहावे, तिसरीने त्या दोघींचे. आठ दिवसांच्या कामाला चौदा दिवस लागले, वसुबारस उलटली तरी करंज्या व्हावयाच्या होत्या, आणि अकरा घरांनी आपली मागणी मागे घेऊन हलवायाकडून फराळ आणला. यातला एकही रुपया कोणी चोरला नव्हता. तरी १४० रुपयांच्या कितीतरी पट आम्ही त्या चौदा दिवसांत गमावले.

मार्गशीर्षात कपाट साफ करताना खालच्या फळीवरच्या वर्तमानपत्राच्या घडीत तेलवाल्याची पावती सापडली. तेलाचे भाव चढत होते, म्हणून काकूंनी दोन डब्यांसाठी १४० रुपये आगाऊ भरले होते. तेलवाल्याने बिलातून ते वळतेही करून घेतले होते. पण बिल चुकवणारी एक आणि वही लिहिणारी दुसरी, त्यामुळे कोणाच्या ध्यानात आले नाही. आम्ही तिघी काकूंच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, घरच्या चकल्या पुढे ठेवल्या, आणि "या वर्षी मंडळाची चकली मोडली म्हणे?" एवढेच विचारले. मंडळात त्या पुन्हा आल्या नाहीत. दोन वर्षांनी मुलाकडे परगावी गेल्या. त्या तिघींत मी होते. दोन कुलुपांच्या ठरावाला हात वर करणाऱ्यांतही मी होते.

आपल्या तेव्हाच्या अध्यक्षबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी आम्हांला रागे भरण्याऐवजी वाचनालयातून सहकारावरचे एक पुस्तक आणून माझ्या हाती दिले आणि त्यातले रॉचडेलचे प्रकरण वाचून यायला सांगितले. तेव्हापासून ही हकीकत मी पुष्कळ ठिकाणी वाचली. ती अशी.

लँकेशायर परगण्यात, मँचेस्टरच्या उत्तरेस, रॉचडेल हे विणकरांचे गाव. फ्लॅनेल नावाचे लोकरी कापड तेथे विणले जाई. यंत्रमाग आले, मजुरी घसरली, आणि १८४० नंतरची काही वर्षे तर त्या देशात भुकेची वर्षे म्हणूनच ओळखली जातात. मजुराच्या हाती रोकड नसे, म्हणून वाण्याकडे उधारी. आणि एकदा उधारीत अडकले की वजनात मारले काय, पिठात भेसळ केली काय, तोंड उघडावयाची सोय नसे. भेसळ ही काही कल्पित गोष्ट नव्हती. पुढे १८५१ ते १८५४ या काळात डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी लंडनचे खाद्यपदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आपले निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापले, तेव्हा पावात तुरटी निघाली. म्हणजे त्या गावात कोणाचाच कोणावर भरवसा नव्हता, आणि भरवसा नसूनही दुसरीकडे जाण्याचा मार्ग नव्हता.

आता या कथेतला पहिला धडा लोक सहसा सांगत नाहीत. सहकारी दुकानाचा प्रयोग याच गावात, याच टोड लेन नावाच्या गल्लीत, आधी एकदा होऊन गेला होता. १८३३ साली उघडलेले ते दुकान दोन वर्षांत बुडाले, आणि बुडाले ते उधारीने. सगळी आपलीच माणसे. शेजारच्या विणकराला 'नाही' कसे म्हणावयाचे? भिडेपोटी माल जात राहिला आणि पैसे काही आले नाहीत. भीड आणि विश्वास या दिसायला सख्ख्या बहिणी. कामाला आरंभी वेग दोघीही देतात. पण भिडेने दिलेला वेग तेल संपलेल्या समईसारखा, मोठी ज्योत होते आणि विझते.

दुसऱ्या वेळी जे लोक जमले त्यांना हे ठाऊक होते. आठवड्याला दोन पेनी, पुढे तीन पेनी, असे घरोघर फिरून त्यांनी गोळा केले. २८ सभासद आणि २८ पौंड हा आकडा परंपरेने सांगितला जातो. २४ ऑक्टोबर १८४४ रोजी संस्थेची नोंदणी झाली. नाव 'रॉचडेल सोसायटी ऑफ इक्विटेबल पायोनियर्स'. टोड लेनमधल्या एका गोदामाचा तळमजला वर्षाला दहा पौंड भाड्याने घेतला. २१ डिसेंबर १८४४, शनिवार, संध्याकाळ. वर्षातली सर्वांत मोठी रात्र. दुकानात माल म्हणजे थोडे लोणी, थोडी साखर, पीठ, ओटचा भरडा आणि काही मेणबत्त्या. आपल्याकडच्या एका बऱ्या घराच्या कोठीघरात याहून अधिक सामान असेल! बाहेर गल्लीतली टवाळ पोरे जमलेली, आणि आत ही पोक्त माणसे खिडकीच्या फळ्या कोणी काढावयाच्या यावर एकमेकांची तोंडे पाहत उभी, असे त्यांचा इतिहासकार जॉर्ज जेकब होलिओक याने लिहून ठेवले आहे.

त्यांचे नियम वाचताना मला माझ्या दोन कुलुपांची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. उधारीने घ्यावयाचे नाही, उधारीने द्यावयाचे नाही. कोणा पदाधिकाऱ्याने हा नियम मोडला तर दहा शिलिंग दंड आणि पदावरून दूर. माल देणारा एक, सॅम्युएल अॅशवर्थ. पैसे घेणारा दुसरा, विल्यम कूपर. दर तिमाहीला सर्वसाधारण सभा, आणि तीत सगळा जमाखर्च सभासदांपुढे. ज्याचे भांडवल अधिक त्याची मते अधिक, असे नाही. प्रत्येकास एकच मत. नफा खरेदीच्या प्रमाणात परत. पाहू गेले तर हा सारा अविश्वासाचाच बंदोबस्त आहे. मग त्याने त्यांचे काम का अडले नाही आणि आमचे का अडले?

मला याचे उत्तर असे दिसते. कूपर आणि अॅशवर्थ यांच्यात काम वाटून दिले ते पहिल्या दिवशी, एक पेनी हरवण्याच्या आधी. तो नियम कोणाला उद्देशून नव्हता, म्हणून कोणाला लागला नाही. आमचे कुलूप एका बाईच्या पाठीमागे, एका रकमेनंतर आले. शिवाय त्यांची तपासणी कामाच्या मधे येत नव्हती. दुकान चालू असे तेव्हा पीठ तोलले जाई, पैसे घेतले जात, नोंद होई, बस्स. शंका-कुशंका सगळ्या तिमाही सभेत. आम्ही दर वाटीला सभा भरवली.

आता वेगाचे पाहा. पहिल्या वर्षअखेर, म्हणजे १८४५ साली, सभासद ७४. १८४६ साली ८०. १८४७ साली ११०. १८४८ साली १४०. चार वर्षांत ११२ माणसे वाढली. भोवताली हजारो मजुरांचे गाव, आणि दर वर्षाला सरासरी २८. ही गोगलगाय झाली. आपण त्या वेळी तेथे असतो तर "यांचे काही होणे नाही" असेच म्हणालो असतो. ज्याची वाण्याकडे उधारी, त्याला तर इकडे येणेच कठीण. ज्याच्याकडे रोकड, त्याला भरवसा नाही. मागचे दुकान बुडालेले सगळ्यांच्या आठवणीत होते.

या मंद काळातलीच एक गोष्ट आपल्या मंडळाला सांगण्यासारखी आहे. १८४६ साली एलायझा ब्रायर्ली नावाची स्त्री सभासद झाली. रॉचडेलची ती पहिली स्त्री सभासद. इंग्लंडात विवाहित स्त्रीच्या मिळकतीसंबंधीचे कायदे झाले १८७० आणि १८८२ साली. त्याआधी बायकोचे जे असेल ते कायद्याने नवऱ्याचे. अशा काळात एका दुकानाच्या वहीत स्त्रीच्या नावाने पान असावे, ही लहान गोष्ट नव्हे. घर चालवणाऱ्या बाईचा भरवसा बसल्याखेरीज वाणसामानाचे दुकान चालत नाही, हे त्या पुरुषांना लवकर उमगले, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि मग १८४९ साल उजाडले. रॉचडेलमध्ये एक बचत बँक होती. मोठी माणसे तिची विश्वस्त, कारभार पाहणारे गृहस्थ गावातले प्रतिष्ठित. त्या गृहस्थांच्या मृत्यूनंतर वर्षाच्या शेवटी शेवटी उघडकीस आले की, ठेवीदारांची मोठी रक्कम बँकेत नाहीच. नावावर विसंबून राहिलेल्या विश्वस्तांनी वह्या नीट पाहिल्याच नव्हत्या. गरिबांच्या आयुष्यभराच्या पुंज्या गेल्या. ज्यांच्याजवळ काही उरले होते ते विचार करू लागले की, आता पैसा ठेवावयाचा कोठे? तेव्हा त्यांना टोड लेनमधले ते लहानसे दुकान दिसले, जेथे दर तिमाहीला विणकर विणकरांना हिशोब वाचून दाखवीत होते. १८४९ अखेर सभासद ३९०. १८५० अखेर ६००. १८४५ सालची विक्री ७१० पौंड होती, ती १८५० साली १३,१७९ पौंड झाली. त्या सुमारास व्यापार सुधारला होता, त्याचाही हातभार या वाढीला लागला. सगळे श्रेय बँकेच्या बुडण्याला देणे बरोबर नाही. पण मला त्या पहिल्या चार वर्षांकडे पाहावेसे वाटते. ती वर्षे दिसायला रिकामी. प्रत्यक्षात त्यांनी सोळा तिमाह्या हिशोब वाचला होता. ज्या दिवशी लोक धावत आले त्या दिवशी नवे काही सिद्ध करावे लागले नाही.

पुढे त्यांनी १८५० साली स्वतःची पिठाची गिरणी काढली. सुरुवातीला ती तोट्यात गेली, पिठाबद्दल कुरबुर झाली, दुकान आता बुडते अशी आवई उठली. होलिओकने या काळातली एका बाईची गोष्ट दिली आहे. कोणी तिला घाबरवायला आले, तुझे सगळे पैसे जाणार म्हणून. ती हसली. दुकानात तिने पदरचा घातला होता तो एकच शिलिंग. बाकी जी भली मोठी रक्कम तिच्या नावे होती, ती खरेदीवरच्या नफ्याच्या वाटणीतून दुकानानेच तिला मिळवून दिली होती. बुडेल तर बुडू द्या, असे तिने त्या हितचिंतकाला सांगितले म्हणे. मला ही बाई फार आवडते. तिला सहकाराचे तत्त्वज्ञान ठाऊक असेल-नसेल; आपल्या पानावर काय लिहिले आहे ते मात्र पक्के ठाऊक होते.

रॉचडेलचे सगळेच गोड झाले असे मात्र नाही. १८५४ साली त्यांनी कापडाच्या उत्पादनासाठी निराळी संस्था काढली आणि तीत मजुरांनाही नफ्याचा वाटा ठेवला. धंदा भरभर वाढला, भांडवल हवे म्हणून बाहेरचे भागधारक पुष्कळ आले. ते कधी टोड लेनच्या सभांना बसले नव्हते. १८६२ साली त्यांनी बहुमताने मजुरांचा वाटा काढून टाकला. माणसे लवकर गोळा झाली, पण ती एकमेकांची झाली नव्हती. आपल्या फराळाच्या मागण्या गेल्या तीन वर्षांत दुप्पट झाल्या आहेत, तेव्हा ही हकीकत आपणही वाचून ठेवलेली बरी.

आता विलायतेहून परत येऊ. गिरगाव आपल्याला जवळचे. १५ मार्च १९५९ रोजी तेथील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटले. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख या समाजसेवकांकडून कर्जाऊ घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. हाच पुढचा श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या मंडळातही पेढे वाटले गेले होते. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली, खाटेवर पापड आणि खाली शेगडी. असली युक्ती ज्या बाईने कधी पावसात लंगोट वाळवले आहेत तिलाच सुचावी.

परंतु मला सांगावयाचे आहे ते त्यांच्या कामाच्या रीतीविषयी. पीठ केंद्रावर मळले जाते. बहिणी सकाळी येऊन मळलेले पीठ घरी नेतात, घरी लाटतात, वाळवतात, आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात. तेथे ते तोलले जातात, पाहिले जातात, आणि लाटणावळ हाती पडते. मग नवे पीठ. घरी लाटताना कोणी पाठीशी उभे नसते. लेकराला भरवून, सासूबाईंना औषध देऊन, दुपारच्या निवांतात ती बाई आपल्या वेगाने लाटते. हे शक्य होते याचे कारण वजन उद्याच होणार आहे आणि पैसेही उद्याच मिळणार आहेत. संशय साचायला एक रात्रसुद्धा पुरेशी मिळत नाही. सुरुवातीला त्यांनी उंची आणि स्वस्त असे दोन प्रतींचे पापड करून पाहिले. पारेखांनी त्यांना सांगितले की, प्रत एकच ठेवा आणि ती बिघडू देऊ नका. देणगी घ्यावयाची नाही, हेही तेव्हाच ठरले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. १९६१ साली मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न केला तो फसला. घाई त्यांनाही मानवली नव्हती. पुढे तो उद्योग किती पसरला हे दुकानात जाणाऱ्या कोणत्याही भगिनीला सांगावयास नको.

तर आता आपल्या अर्ध्या तासाकडे. १९७९ सालच्या जानेवारीतल्या सभेत अध्यक्षबाईंनी प्रथम जमाखर्च मोठ्याने वाचला. दोन कुलुपांपैकी एक त्याच दिवशी काढले. दुसरे अजून आहे, पण किल्ली खिळ्याला टांगलेली असते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षीचा फराळ नऊ दिवसांत झाला. आठ नव्हे, कारण काकू नव्हत्या, आणि करंजीला त्यांच्यासारखी मुरड आमच्यापैकी कोणालाच पडत नव्हती.

फोनवर हिशोब पाठवायला माझा विरोध नाही. अवश्य पाठवावा; ज्या भगिनींना सभेला येणे जमत नाही त्यांची सोय होईल. परंतु फोनवरचा कागद प्रत्येक जण आपल्या घरी, एकटी वाचते. एखादा आकडा खटकला तर तिने काय करावयाचे? ती शेजारणीला विचारील, शेजारीण तिसरीला विचारील, आणि जिला विचारावयास हवे ती सोडून साऱ्या गल्लीला विचारले जाईल. नवरात्रानंतरच्या त्या सभेत काकू असत्या, आणि "शिल्लक १४० रुपयांनी कमी" असे त्यांच्या समोर वाचले गेले असते, तर करंजीची मुरड घालता घालता त्या म्हणाल्या असत्या, "अहो, तेलवाल्याला नाही का दिले!" सगळे मिळून अर्धे मिनिट. ते अर्धे मिनिट आम्ही वाचवले. पन्नास वर्षे होत आली, पण करंज्यांचे पीठ मळावयास घेतले की मला ते अजून आठवते.

सूचना मांडणाऱ्या भगिनीशी मी हे सगळे बोलले आहे. तिचे म्हणणे असे की, वाचन ठेवा पण वेलची-लवंगा एकत्र "मसाला" म्हणून वाचा, म्हणजे दहा मिनिटे वाचतील. ते मला मान्य आहे. शंभर रुपयांखालच्या रकमा एकत्र आणि वरच्या एकेक, असे सुचवावे असे आमच्या दोघींच्या मते ठरले असून निर्णय सभेने करावयाचा आहे.

या स्मरणिकेच्या कागदाचा, छपाईचा व बांधणीचा खर्च कार्तिकातल्या सभेत वाचला जाईल. कच्चा हिशोब तपासताना खजिनदारबाईंना त्यात साठ रुपयांचा फरक आढळला आणि त्यांनी त्याच दिवशी जिना चढून येऊन मला विचारले. छापखान्यात जाण्या-येण्याचे रिक्षाभाडे मी बहुधा दोनदा लिहिले आहे. पावती शोधते आहे.